प्रस्तावना : विकास मोजायचा कसा आणि कशासाठी

१९८३ साली महाराष्ट्र सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. राज्याचा कोणता भाग विकासात किती मागे पडला आहे, हे तिने शोधायचे होते. पुढच्याच वर्षी अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला किती पैसा लागेल ते मांडायचे, अशी समितीची रीत होती. राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे ही भरायची तूट, सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचे सुमारे १,२४७ कोटी होते आणि सर्वांत मोठी तूट सिंचनाची होती.

अहवाल आला तसा वादही आला. तूट जिल्ह्याची मोजायची की विभागाची? सरासरी राज्याची धरायची की पुढारलेल्या जिल्ह्यांची? नुसती रस्त्यांची लांबी पाहायची की त्या रस्त्याने लोकांचे काय भले झाले तेही पाहायचे? आणि तूट ठरल्यावर ती कोणी, किती वर्षांत भरायची? हे प्रश्न विदर्भाने चाळीस वर्षे विधिमंडळात, वर्तमानपत्रांत आणि चहाच्या टपरीवर चघळले आहेत. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, पुढे निर्देशांक व अनुशेष समिती आली, २०११ मध्ये विजय केळकर यांची समिती नेमली गेली. प्रत्येक वेळी मोजपट्टी थोडी बदलली आणि तिच्याबरोबर मागास कोण, तेही थोडे बदलले.

हे पुस्तक हाच प्रश्न जगाच्या पातळीवर मांडते. कोणता देश पुढे, कोणता मागे, हे ठरवायचे कशावरून? ते कोणी ठरवायचे? आणि ठरल्यावर त्यातून कोणावर काय बंधन येते? विषय संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक यांचा वाटला, तरी अनुशेषाच्या वादात वाढलेल्या मराठी वाचकाला त्यातले मुख्य मुद्दे परके नाहीत. म्हणूनच विदर्भातल्या रामटेकसारख्या तालुक्याच्या गावी बसून या विषयाची ओळख करून देणे मला योग्य वाटते.

देशाची संपत्ती मोजण्याचा ध्यास आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात प्रांतवार पिकांचा हिशेब मांडून ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न काढले. १८६७-६८ सालासाठी ते अवघे २० रुपये निघाले. त्या हिशेबात नागपूर ज्यात होते तो मध्य प्रांतही होता. दादाभाई नुसता आकडा देऊन थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकार किती खर्च करते ते त्यांनी शोधले आणि सामान्य रयतेच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हे दाखवले. सरकारी अहवालांत जिल्ह्यांचे एकरी उत्पादन नुसते मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागत, कोणत्या जिल्ह्यात पेरा किती याचा विचारच करत नसत. ती चूकही त्यांनी दाखवून दिली. ज्या राज्यकर्त्यांना जाब विचारायचा, त्यांच्याच कागदपत्रांतून त्यांनी आकडे उचलले. विकासाच्या मोजमापाचे खरे काम काय, हे मला दादाभाईंच्या या हिशेबात सर्वांत स्वच्छ दिसते.

आज ज्याला आपण राष्ट्रीय उत्पन्न म्हणतो, त्याची शिस्तबद्ध मांडणी महामंदीच्या काळात अमेरिकेत झाली. सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये तिथल्या सिनेटला आपला अहवाल दिला आणि त्यातच बजावले की, राष्ट्राचे कल्याण या आकड्यावरून ओळखता येत नाही. हा इशारा मागे पडला आणि आकडा पुढे गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये रिचर्ड स्टोन आणि जेम्स मीड यांनी राष्ट्रीय हिशेबाची पद्धत घडवली. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती सर्व देशांसाठी प्रमाण म्हणून मांडली. भारताने १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत तिसरे नाव होते धनंजयराव गाडगीळ यांचे. नागपुरात शिकलेल्या आणि पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था उभारणाऱ्या गाडगीळांनी शेतीच्या, गावांच्या आणि शहरांच्या प्रत्यक्ष पाहण्यांची परंपरा महाराष्ट्रात रुजवली.

या पद्धतीत काय मोजले जाते आणि काय सुटते, हे रामटेक तालुक्यातच पाहता येते. इथून जवळच मनसरला मँगनीजची खाण आहे. खाणीतून माल निघाला, विकला गेला की देशाचे सकल उत्पादन वाढते. जमिनीच्या पोटातला साठा मात्र तेवढाच कमी होतो आणि ती घट सकल उत्पादनातून वजा होत नाही. पेंच नदीवरचे तोतलाडोह धरण याच तालुक्यातले. त्याची वीज हिशेबात येते, त्याच्या पाण्यावर चालणारे नागपूरचे उद्योगधंदेही येतात. धरणाखाली गेलेले जंगल, जमीन आणि त्यावर जगणाऱ्या माणसांचे उठलेले बस्तान यांना त्या हिशेबात रकाना नाही.

याच तालुक्यातल्या देवलापारकडच्या एखाद्या गावातल्या बाईचा दिवस घ्या. धानाच्या रोवणीला ती मजुरीने गेली तर ते काम उत्पन्नात धरले जाते. स्वतःच्या बांधीत रोवणी करून पिकवलेला धान घरी खाल्ला, तरी त्याचीही किंमत नियमाप्रमाणे धरायची असते. जंगलातून आणलेले सरपण आणि विहिरीवरून आणलेले पाणी यांनाही नियम उत्पादन म्हणतो. पण त्याच सरपणावर, त्याच पाण्यात तिने भात शिजवला, मुलांना भरवला, आजारी सासूची शुश्रूषा केली, तर त्यातले काहीच उत्पन्न नव्हे. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये या सीमारेषेवर सडेतोड पुस्तक लिहिले. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. पाच तासांचे हे रोजचे काम मोजणीबाहेर ठेवून कोणता देश किती श्रीमंत ते आपण ठरवतो.

देशादेशांची तुलना करायची म्हटले की आणखी एक अडचण येते. प्रत्येकाचे चलन वेगळे, भाव वेगळे. बँकेतल्या विनिमय दराने रुपयांचे डॉलर केले तर भारत आहे त्यापेक्षा गरीब दिसतो. कारण केस कापणे, कपडे शिवणे, रिक्षाने जाणे इथे अमेरिकेपेक्षा खूप स्वस्त आहे. यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९६८ मध्ये काम सुरू केले. सारख्याच वस्तूंचे आणि सेवांचे देशोदेशीचे भाव गोळा करून कोणत्या चलनात प्रत्यक्ष किती खरेदी होते ते काढायचे, यालाच क्रयशक्ती समता म्हणतात. २०१७ मध्ये बाजारात एका डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत होते. क्रयशक्तीच्या हिशेबाने मात्र तो २०.६५ रुपयांचाच होता. आपल्याकडे ऊस, धान आणि ज्वारी यांना लागणारे पाणी वेगवेगळे असते, म्हणून सिंचनाच्या अनुशेषात सगळे क्षेत्र रब्बी ज्वारी समतुल्य हेक्टरमध्ये मांडतात. हा प्रकार तसाच आहे. अशा रूपांतराशिवाय तुलना होत नाही आणि रूपांतरातला प्रत्येक निर्णय निकालावर परिणाम करतो, हे वाचकाने सतत ध्यानात ठेवावे.

मोजण्याच्या पद्धतींमागे विकासाच्या वेगवेगळ्या कल्पना आहेत. या क्षेत्रातल्या प्रमुख विचारधारा ओळखल्या की वरवर तांत्रिक दिसणारे वाद उलगडतात.

पहिली धारा वाढीची. अमेरिकेचे डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो यांनी १९६० मध्ये मांडले की सगळे देश एकाच वाटेवरचे प्रवासी आहेत. कोणी पुढच्या टप्प्यावर, कोणी मागच्या. बचत आणि गुंतवणूक वाढली की मागचेही पुढे जातील. दरडोई उत्पन्न हीच या धारेची मुख्य मोजपट्टी. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर विकासदर हा शब्द आपल्या घराघरात पोचला. त्या वेळी पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ च्या निवडणुकांत रामटेकमधूनच लोकसभेवर गेले होते.

दुसरी धारा म्हणते, वाट एकच नाही आणि मागे पडणे हा नुसता उशीर नाही. अर्जेंटिनाचे राउल प्रेबिश यांनी १९४९-५० च्या सुमारास दाखवले की कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या मालाचे भाव कारखानदार देशांच्या मालाच्या तुलनेत घसरत जातात. आंद्रे गुंडर फ्रँक यांनी त्याच्या पुढे जाऊन म्हटले, काहींची समृद्धी आणि इतरांचे मागासपण एकाच व्यवहारातून निपजते. हे कळायला विदर्भाला लॅटिन अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. कापूस पिकवणाऱ्याचे उत्पन्न किती, हा आकडा तो भाव कुठे ठरत होता हे सांगितल्याशिवाय अर्धाच राहतो.

तिसरी धारा आपल्या शेजारच्या वर्ध्याची आहे आणि जागतिक पुस्तकांत तिला पुरेशी जागा मिळत नाही. जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून ग्रामोद्योगांचे काम चालवले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारसाठी त्यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी शेकडो गावांची औद्योगिक पाहणी केली. निसर्गाचा साठा संपवून वाढणारे अर्थकारण टिकणार नाही, हे त्यांनी १९४० च्या दशकातच लिहिले. जगाने शाश्वत विकास ही कल्पना ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून १९८७ मध्ये उचलून धरली.

चौथी धारा मूलभूत गरजांची आणि पाचवी मानवी क्षमतांची. १९६९ मध्ये डडली सीअर्स यांनी विचारले, गरिबी, बेरोजगारी आणि विषमता वाढत असताना दरडोई उत्पन्न दुप्पट झाले तर त्याला विकास म्हणायचे का? १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मूलभूत गरजांचा आग्रह धरला. १९७९ मध्ये मॉरिस डी. मॉरिस यांनी साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान यांवर आधारलेला जीवनमानाचा निर्देशांक दिला. अमर्त्य सेन यांनी प्रश्न अधिक खोलवर नेला : माणसाजवळ काय आहे त्याहून तो काय करू शकतो, काय होऊ शकतो, हे महत्त्वाचे. त्यांचे मित्र, पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल निघाला.

या अहवालातल्या मानव विकास निर्देशांकाची रचना एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. त्यात आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न हे तीन घटक. आयुर्मानासाठी किमान २० आणि कमाल ८५ वर्षे धरतात आणि त्या पट्ट्यात देश कुठे आहे ते काढतात. शिक्षणात मुलाला किती वर्षे शाळा मिळण्याची अपेक्षा आहे आणि प्रौढांना प्रत्यक्ष किती मिळाली, अशी दोन्ही मापे येतात. उत्पन्न लॉगरिथमने घेतात. त्यामुळे दरडोई उत्पन्न १,००० डॉलरवरून २,००० वर जाणे आणि २०,००० वरून ४०,००० वर जाणे सारखेच ठरते. गरिबाच्या हातात आलेला रुपया अधिक मोलाचा, ही नैतिक भूमिका अशी सूत्रातच बसवली आहे. २०१० पर्यंत तिन्हींची साधी सरासरी घेत. मग शाळांतली उणीव पैशाने भरून निघे. त्या वर्षापासून गुणोत्तर सरासरी (तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ) घेतात आणि एका घटकातली दुर्दशा दुसऱ्याच्या आड लपवणे कठीण झाले. २०२३ च्या आकड्यांनुसार भारताचा निर्देशांक ०.६८५ आणि क्रमांक १९३ देशांत १३० वा आहे. विषमतेचा हिशेब धरला की हेच मूल्य सुमारे ३०.७ टक्क्यांनी घसरते. भारत म्हणून जो एक आकडा आपण सांगतो, त्याच्या पोटात दोन भारत आहेत, हे या घसरणीतून कळते.

गरिबीच्या मोजमापात मराठी अर्थतज्ज्ञांचे काम जगात नावाजले गेले. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिवसाला २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ही मर्यादा धरली आणि १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के व शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली आहेत, हे दाखवले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने फक्त कॅलरींवर विसंबणे सोडून आरोग्य आणि शिक्षणाचा खर्चही विचारात घेतला. २००४-०५ साठी देशातले ३७.२ टक्के लोक गरीब निघाले. जागतिक बँकेची रेषा १९९० मध्ये दिवसाला १ डॉलर होती. गरीब देशांच्या स्वतःच्या रेषांवरून ती काढली होती. २०२५ मध्ये ती ३ डॉलर झाली. रेषा हलली की कोट्यवधी माणसे कागदावर इकडची तिकडे होतात. पैशाच्या रेषेपलीकडची गरिबी पाहायला २०१० पासून बहुआयामी गरिबी निर्देशांक आला. घरात चूल कशावर पेटते, शौचालय आहे का, मूल शाळेत जाते का, कोणी कुपोषित आहे का, हे तो घरोघरी पाहतो. नीती आयोगाने त्यात बाळंतपणातली काळजी आणि बँक खाते यांची भर घालून भारतासाठी तो वापरला. त्यानुसार असे गरीब २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के आणि २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के होते.

कोणताही निर्देशांक घ्या, कोणाची सरासरी हा प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात मुंबई सर्वांत वर आणि गडचिरोली सर्वांत खाली होती; एकाच राज्यातले हे अंतर. नागपूर जिल्ह्याची सरासरी काढली तर महानगराचे उत्पन्न, रुग्णालये आणि महाविद्यालये देवलापारच्या गोंड वस्त्यांच्याही नावावर चढतात. देशांच्या यादीतही हेच घडते. म्हणून या पुस्तकातले लेखक देशांची तुलना करताना देशांच्या आतही पाहतात.

मोजणारा कोण, हाही प्रश्न तितकाच मोठा. व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीवर अनेक सरकारांनी आपली धोरणे बेतली होती. आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड झाल्यावर जागतिक बँकेला २०२१ मध्ये ती बंद करावी लागली. विकसित आणि विकसनशील ही विभागणीही ढिली पडली आहे. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या आकडेवारीतून ती काढून टाकली; जागतिक व्यापार संघटनेत तर आपण विकसनशील आहोत हे देश स्वतःच जाहीर करतो. काही वर्गवाऱ्यांना मात्र वजन आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या अल्पविकसित देशांच्या यादीत नाव असले की व्यापारात सवलती मिळतात. भूतान २०२३ मध्ये त्या यादीतून बाहेर पडला. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हे १९७० मध्ये ठरले. बहुतेकांनी ते आजवर पाळलेले नाही.

इथे अनुशेषाचा अनुभव जगाला काही शिकवू शकतो, असे मला ठामपणे वाटते. दांडेकर समितीने क्रमवारी लावली नाही. तिने देणे काढले. तुझा क्रमांक शेवटून तिसरा, असे जिल्ह्याला सांगून ती थांबली नाही. एवढा निधी तुझ्या वाट्याला यायला हवा होता, असे तिने सांगितले. त्या पद्धतीत दोष होते आणि तो निधी पूर्णपणे वेळेवर आला असेही नाही. तरीही त्या आकड्याने सामान्य माणसाला सरकारकडे बोट दाखवून बोलण्याचा आधार दिला. जागतिक निर्देशांक बहुधा मागे पडलेल्या देशालाच जबाबदार धरतात. ज्यांच्या कर्जाच्या अटी, व्यापाराचे नियम आणि धुराडी त्या देशाचे भवितव्य ठरवतात, त्यांचे नाव यादीत वरच्या क्रमांकावर झळकते. २०२० पासून मानव विकास अहवालात कार्बन उत्सर्जन आणि संसाधनांचा वापर यांचा भार वजा करून सुधारित निर्देशांक दिला जातो आणि अनेक श्रीमंत देश त्यात बरेच खाली येतात. ही सुरुवात आहे.

हा विषय आजच समजून घेण्याची कारणे समोर आहेत. २०४७ पर्यंत विकसित भारत हे देशाचे जाहीर उद्दिष्ट आहे. पण विकसित कशाला म्हणायचे? जागतिक बँकेच्या उच्च उत्पन्न गटाची पायरी दरडोई सुमारे १४ हजार डॉलरची आहे. ती गाठूनही मुले कुपोषित राहू शकतात, हवा विषारी राहू शकते, स्त्रियांचे श्रम अदृश्य राहू शकतात. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांची मुदत २०३० ला संपते आहे. राष्ट्रीय हिशेबाची सुधारित प्रमाण पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२५ मध्ये स्वीकारली आहे. आणि आपली शेवटची जनगणना आहे २०११ ची. तालुक्यातल्या योजना अजून त्याच आकड्यांवर आखल्या जातात. येत्या काही वर्षांत काय मोजायचे याचे मोठे निर्णय होणार आहेत. ते होत असताना आपण गप्प राहिलो, तर पुढची पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या मोजपट्टीने जगावे लागेल.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या भूमिकांतून लिहिलेले आहेत आणि त्यांच्यात मतभेद आहेत. ते मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही. वाढीशिवाय गरिबी हटत नाही असे मानणारे लेखक इथे आहेत आणि वाढीच्या कल्पनेलाच आव्हान देणारेही. सगळ्यांनी एक शिस्त मात्र पाळली आहे : आकडा दिला की तो कसा आला, त्यात काय धरले आणि काय सोडले, हे सांगायचे. सूत्रे आली तिथे ती साध्या गणिताने उलगडली आहेत. अर्थशास्त्र न शिकलेला शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, पत्रकार, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी हे या पुस्तकाचे वाचक. कोणता निर्देशांक खरा, याचा निवाडा इथे मिळणार नाही. कोणताही निर्देशांक समोर आला तर त्याला काय विचारायचे, ते मिळेल.

मोजले कोणी, कोणाला कोणाशी ताडले, कोणाचे श्रम आणि कोणाचे नुकसान बाहेर ठेवले, आणि या आकड्यामुळे आता कोणाला काय करणे भाग आहे, हे चार प्रश्न घेऊन वाचकाने पुढची पाने उलटावीत. तेच प्रश्न आपल्या ग्रामसभेत मांडल्या जाणाऱ्या आराखड्यालाही विचारावेत. उत्तर मागण्याची ही सवय गावोगावी लागली, तर या पुस्तकाचे श्रम सार्थकी लागतील.